देवघराजवळची डबी

८ सप्टेंबर, सोमवार

गांधीनगरात एका गोदामावर कॅमेरे लावत होतो. शिडीवर असतानाच फोन. ऋतुजा. दोन वर्षांनी. नंबर रागाच्या भरात कधीच उडवलाय, पण शेवटचे चार आकडे दिसले आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली. उदयदा (दुकान त्याचं, मी त्याच्याकडं कामाला) खालून ओरडला, "डोस्कं फोडतोस व्हय माझं?"

ती एवढंच म्हणाली, "अभिजित, तू वायफायची कामं करतोस ना आता? आमच्या वरच्या खोलीत नेटच येत नाही." कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. मी म्हटलं, येतो की.

दोन वर्षांपूर्वी तिला काय बोललो ते पाठ आहे. तिसऱ्या वर्षाला विभागप्रमुखांनी हजेरीवरनं सगळ्या वर्गासमोर झाडलं, मी जर्नल टेबलावर आपटलं आणि निघालो. ती जिन्यापर्यंत पळत आली. "आत चल, एकदा सॉरी म्हण, संपलं." मी म्हटलं, "तू कोण मला सांगणार?" ती तशीच वर गेली. कॉलेज सुटलं त्याचं एवढं वाटत नाही.

इथून पुढं ऋ. लिहीन. पूर्ण नाव लिहायला घेतलं की पेन थांबतं.

१० सप्टेंबर, बुधवार

टाकाळ्यावर त्यांच्या घरी गेलतो. खालचा मजला जुना, काळ्या दगडाचा, भिंत दीड हात जाड. वरचे दोन नंतर बांधलेले. राउटर खाली पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी. फोन घेऊन घरभर हिंडलो. पुढच्या खोलीत झकास, मधल्या खोलीत देवघरापाशी निम्मं, जिना चढलो की संपलं. ऋ.ची खोली वर, मागच्या बाजूला.

तिच्या आई, काकू, मागनं हिंडत होत्या. "तुमच्या त्या वायफायला जिना चढाय येत न्हाय व्हय?"

म्हटलं, "हो काकू, गुडघं दुखत्यात त्याचं." ऋ. हसली. फसकन. तेवढ्यावर मी दिवस काढला.

समजावून सांगितलं. मेश म्हणजे एका राउटरऐवजी दोन-तीन डब्या. एक खाली, एक मध्ये, एक वर. एकीनं दुसरीला हात द्यायचा. घरभर एकच नाव, एकच पासवर्ड.

घाई कशाची ते नंतर कळलं. २६ तारखेला सकाळी अकराला ऋ.ची मुलाखत. पुण्याची कंपनी, शेवटची फेरी, ऑनलाइन. सर (तिचे वडील, गणित शिकवायचे, आता निवृत्त) चहा पिता पिता सहज म्हणाले, "नोकरी लागली तर जाऊ दे पुण्याला. नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. तसं ठरलंय आमचं."

आमचं म्हणजे कुणाचं? ऋ. कपबशी उचलून आत गेली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दोन डब्यांचा संच की तीनचा? सरांनी वहीत रकाने पाडले होते. किती खोल्या, किती भिंती, किती माणसं, किती फोन. पेपर तपासल्यासारखं प्रत्येक रकान्यापुढं खूण. मी तीनवर अडून बसलो. दोनमध्ये दगडी भिंत ओलांडून थेट वर पोचत नाही. मधली हवीच.

सर म्हणाले, "तार ओढली तर दोनमध्ये भागेल?"

भागेल. पण तार ओढायची तर दगडाला भोक पाडायचं, आणि ते म्हणे आजोबांच्या हातचं बांधकाम. बरं. बिनतारी, तीन डब्या. सरांनी वहीत तीनभोवती गोल केला.

काकूंनी खीळ घातली. पितृ पंधरवडा चालू आहे, नवी वस्तू घरात येणार नाही. "घट बसू देत. मग आण काय आणायचं ती."

सर चिडले. "अगं यंत्र आहे ते, दागिना नाही."

"मग यंत्राला काय मुहूर्त नसतोय? दसऱ्याला गाडीला हार घालता की न्हाय?"

घट २२ ला, मुलाखत २६ ला. मध्ये चार दिवस. पुरेत.

दुकानात परत येताना सिग्नलला एका रिक्षावाल्याशी भांडलो. विषय काहीच नव्हता. स्थळं, एवढा एकच शब्द डोक्यात.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

काकूंचे घट बसले आणि मगच मला आत घेतलं. तीन डब्या. पहिली टीव्हीशेजारी. दुसरी मधल्या खोलीत, सोयीचा प्लग एकच, देवघराच्या भिंतीला. तिसरी ऋ.च्या टेबलावर.

देवघरापाशी काकूंचं म्हणणं, "हे रातंदिस चालू ठेवायचं? ते काय नंदादीप हाय व्हय?" त्यांची सवय मोठी. खोलीतनं बाहेर पडताना हात भिंतीवर फिरणार, सगळी बटणं खाली. मी तिथं असतानाच डबी दोनदा बंद केली. ऋ. वरनं, "आईऽऽ!" काकू जीभ चावून, "गेलं बाई." हसण्यावारी नेलं सगळ्यांनी.

डब्या चालवायचं फोनवर एक ॲप असतं, त्यात मालक म्हणून सरांचं खातं टाकायचं होतं. त्यांना ईमेलचा पासवर्ड आठवेना. नवा घ्यायचा तर ओटीपी जुन्या नंबरावर, ते सिमकार्ड बंद. ऋ. अंघोळीला. मी म्हटलं, आत्ता माझ्या खात्यावर चालू करतो, दोन दिवसांत बदलून देतो. नेहमी करतो आम्ही असं. निम्म्या गिऱ्हाइकांची घरं आमच्या फोनमध्येच पडून असतात.

वर सिग्नलच्या पाच कांड्या. ऋ. म्हणाली, "भारी काम केलंस." शिरा खाऊन आलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

खातं बदललं नाही.

ॲप उघडलं की त्यांचं घर दिसतं. तीन डब्या, कोणत्या डबीवर कुणाचा फोन. "ऋतुजा-फोन" सकाळी सव्वासहाला वर. आठला मधल्या डबीवर, म्हणजे देवघरात, आईबरोबर आरतीला. साडेदहाला गायब, बाहेर गेली. एकला परत.

काम बघतोय, सिग्नल नीट आहे का बघतोय, असं मनाला सांगतो. दिवसातनं वीस वेळा कुठला सिग्नल बघायचा असतो? उदयदा म्हणाला, "सारखं काय चोळतोस त्या फोनला?" क्रिकेट म्हटलं.

वाईट वाटतंय, तरी बघतोय. दोन्ही खरं.

२४ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी ॲपची सूचना. नवीन यंत्र जोडलं गेलं. "अनिकेत-लॅपटॉप."

कोण अनिकेत? तिनं कधी नाव घेतलेलं नाही. सर म्हणाले होते दिवाळीनंतर. एवढ्यात?

जेवलो नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. ती ताट झाकून गेली. दुखावलेल्यांत आणखी एक.

२५ सप्टेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी रुईकर कॉलनीत एका दवाखान्याचं काम. सव्वाअकराच्या एक मिनिट आधी ॲप उघडलं. अनिकेत-लॅपटॉप वरच्या डबीवर. तिच्या खोलीत. डोकं सणकलं. त्या नावापुढं एक बटण असतं, "थांबवा". दाबलं. पाच मिनिटं बस म्हणावं बोंबलत. एवढाच विचार. तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली, माळ्यावर चढलो, आणि विसरून गेलो. खाली उतरून परत चालू केलं तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

एक वाजता ऋ.चा फोन. आवाज सपाट. "नेट गेलं रे मधेच. मुलाखत होती."

"उद्या आहे ना?"

"एक दिवस अलीकडं घेतली त्यांनी. काल दुपारी कळवलं."

अनिकेत तिचा मामेभाऊ. गडहिंग्लजचा, बारावीत आहे. तिच्या लॅपटॉपचा कॅमेरा बिघडलेला, म्हणून त्याचा मागवून घेतला होता.

लगेच गेलो. काय करायला गेलो होतो? सांगायला, असं रस्त्यात वाटत होतं. दारातच सरांचा आवाज. "शंभर वेळा सांगितलं होतं त्या बटणाला हात लावू नकोस म्हणून! पोरीचं आयुष्य आहे, काही कळतं का तुला?" काकू देवघराच्या उंबऱ्यात, हातात तेलाची बुधली. नेट गेलं त्याच सुमाराला नंदादीपात तेल घालायला गेलेल्या ना त्या. "केलं असंल बाई. ध्यानात न्हाय. सवयच मेली माझी." पदर तोंडाला.

ऋ. जिन्यावर बसलेली. मुलाखत सुरू होऊन चौदा मिनिटं झाली होती, चांगली चालली होती. नेट गेलं. खोलीत मोबाइलला रेंज नाही, लॅपटॉप घेऊन गच्चीवर पळाली, फोनवरनं जोडेपर्यंत समोरचे उठून गेलेले.

सरांनी मला विचारलं, "बटण बंद झालं तर वरचं जातं ना रे?"

मी म्हटलं, "जातं."

हे खरंच आहे. खरं बोलून खोटं सांगितलं. पुढं त्याहून वाईट. म्हटलं, "होतं असं काकू. थांबा, टेप लावतो." खिशातनं काळी टेप काढली आणि देवघराजवळचं बटण चिकटवून टाकलं. काकू म्हणाल्या, "बरं केलंस लेकरा."

लेकरा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत आईबरोबर दोन तास. माझ्या पुढं एक बाई लेकीला सांगत होती, "घरातनं निघताना गॅस बंद केला का गं?" मला काकूच दिसायला लागल्या. रांग सोडून बाहेर आलो. आई आतनं प्रसाद घेऊन आली. तिला वाटत असेल पोरगं वाया गेलं. बरोबर वाटतंय.

ॲप उघडत नाही. एकदाच उघडलं. दोनदा.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

दुकानात हत्यारांची पूजा. ड्रिल, शिड्या, पक्कडी, सगळ्यांना हळदकुंकू. उदयदानं माझ्या फोनलाही बोट टेकवलं. "ह्यो पण हत्यारच की तुझं." मी फोन लगेच खिशात घातला.

मग ऋ.चा फोन. कंपनीचं पत्र आलं. संपर्क तुटल्यानं फेरी अपूर्ण, त्यामुळं विचार करता येत नाही. तिनं परत लिहिलं, घरच्या नेटचा बिघाड होता. त्यांचं उत्तर, बसवणाऱ्याचं पत्र आणि यंत्रातली त्या वेळची नोंद सोमवारपर्यंत पाठवा, मग बघू.

"देशील का रे लिहून? दुकानाच्या लेटरहेडवर. आणि ॲपमध्ये नोंद असते ना, तिचा फोटो."

असते. मी लगेच बघितली. २५ सप्टेंबर, ११.१४, अनिकेत-लॅपटॉप थांबवला, अभिजित. १२.०५, चालू केला, अभिजित. त्या दिवशी देवघराजवळची डबी एकदाही बंद पडलेली नाही. एकदाही.

"देतो" म्हटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सोनं द्यायला गेलतो. न जाऊन चाललं असतं. गेलो.

दुपारी बाराचं ऊन आणि पोर्चमधला दिवा चालू. पुढच्या खोलीतला पंखा चालू, खाली कुणी नाही. मधल्या खोलीतली ट्यूब, न्हाणीघराचा दिवा, सगळं चालू. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. काकू आता बटणाला हातच लावत नाहीत. कुठल्याच.

पाया पडलो. आपट्याचं पान दिलं. म्हणाल्या, "सोन्यासारखा राहा." मग हळूच, सर आत होते म्हणून, "अभिजित, तू शिकलेला हायस. मशीन परत सांगत न्हाय का रं कंपनीला, की हिच्या आईची चूक हाय, हिची न्हाय म्हणून?"

माझ्या तोंडात पेढा होता.

ऋ. फाटकापर्यंत सोडायला आली. "एक सांग. नेट गेलं तेव्हा माझा फोन चालू होता. वायफायवरच. मेसेज येत होते. मग लॅपटॉपच कसा गेला?"

"बघून सांगतो."

"बघ." पाच-सहा सेकंद बघत राहिली माझ्याकडं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला बोलता आलं असतं, ते जमतं मला.

निघताना पोर्चचा दिवा मी बंद केला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

खोटं पत्र लिहायला बसलो. "विद्युतदाबातील चढउतारामुळे..." चांगलं जमत होतं. ऋ.ला नोकरी, काकू सुटल्या, मी सुटलो. पण नोंद कुठनं आणू? मध्येच कापून फोटो काढला, वेळ ठेवली, नाव कापलं. बघितलं तर चोराच्या हातासारखा दिसला. पुसला.

आणि नोंद बनावट निघाली तर कंपनी मला नाही, तिला धरणार.

उदयदाला सांगितलं. सगळं. दुकानाचं शटर अर्धं होतं, तो जेवणाचा डबा उघडत होता. मला वाटलं कानाखाली बसणार. बसली असती तर बरं.

डबा बंद केला त्यानं. "लोकं आपल्याला कुठपर्यंत आत घेत्यात माहिताय तुला? पावण्याला बैठकीत बसवत्यात, आपल्याला झोपायच्या खोलीत. चपला काढून जायचं आणि काम करून मान खाली घालून यायचं. तू तिथं डोळं ठेवून आलास."

"चुकलं."

"मला काय सांगतोस? मी काय त्या बाईचा नवरा हाय?" मग खणातनं एक कोरं लेटरहेड काढून सही करून पुढं टाकलं. "वरचं तू लिही. पण खोटं लिवलंस तर दुकानात पाय ठेवू नको. आणि खरं लिवलंस तरी कामावर ठेवीन का न्हाय, ते मी अजून ठरवल्यालं न्हाय."

सगळ्या गिऱ्हाइकांची खाती त्यानं माझ्या फोनवरनं आजच काढून घेतली. ऋ.च्या घराचं एक सोडून. ते तूच दे, म्हणाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

चार वेळा फाडलं (साध्या कागदावर, लेटरहेड एकच). शेवटी एवढं राहिलं.

"दि. २५ सप्टेंबर रोजी सकाळी ११.१४ ते १२.०५ या वेळेत कु. ऋतुजा मुलाखत देत असलेल्या लॅपटॉपचं इंटरनेट मी माझ्या फोनवरून जाणूनबुजून बंद केलं होतं. तसं करण्याचा मला अधिकार नव्हता. यंत्रात बिघाड नव्हता. त्यांच्या घरातल्या कुणाचीही चूक नव्हती."

का केलं ते लिहिलं नाही. कंपनीला त्याच्याशी काय करायचंय. ऋ.ला कळेल. का नाही कळणार.

शेवटचं वाक्य आधी नव्हतं. तेच काकूंसाठी आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

अकराला गेलो. सर बाजारात, ऋ. मैत्रिणीकडं, तीनला येणार. काकू एकट्याच गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या. बरं झालं आणि वाईटही.

उभ्या उभ्याच बोललो. "काकू, त्या दिवशी बटण तुम्ही बंद केलं नव्हतं."

"असू दे बाबा."

"खरंच नव्हतं. डबी चालूच होती. मी माझ्या फोनवरनं बंद केलं."

शेंग मोडायची थांबली. माझ्याकडं बघितलं. मग हसल्या, डोळ्यांत पाणी आणून. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस व्हय? तू कशाला बंद करशील? तू तर बशीवलंस." आणि उठून वाटीत शेवयाची खीर घेऊन आल्या. "खा. तोंड बघ कसं उतरलंय."

इतक्या वर्षांत मी आरडाओरडा करून काय काय लोकांना पटवलंय. आज हळू बोललो आणि खरं बोललो, तर पटेना.

खीर खाल्ली. नको म्हणायला तोंड नव्हतं. पाकीट दिलं, ऋ.च्या हातातच द्या म्हटलं. त्यांनी देवासमोर ठेवलं. नोकरीचं काहीतरी असणार म्हणून वर एक फूलही.

मी वाकून त्या बटणावरची टेप काढली. काकू घाईनं, "असू दे रं, असू दे!" मी म्हटलं, "नको काकू. तुमच्या घरातलं बटण आहे." त्यांनी हात मागं घेतला. लावला नाही.

घरी आलो. ॲपमधनं मालकी ऋ.च्या नावावर करायचं आमंत्रण पाठवलं. तिनं स्वीकारलं की सगळ्या नोंदी तिच्याकडं जाणार, ११.१४ सकट. आणि त्यांचं घर माझ्या फोनवरनं जाणार.

तीन वाजून दहा. "ऋतुजा-फोन" पुढच्या डबीवर. आली.

बघायचं नाही असं ठरवून बघतोय. तीन बारा, मधल्या डबीवर. देवघरापाशी. वर जात नाही. तीन वीस, तिथंच. तीन पंचवीस, तिथंच. सरांचा फोन पण मधल्या डबीवर आला. काकूंचा तिथंच असतो नेहमी.

तिघं एका खोलीत.

फोन पालथा घालून ठेवला आणि हे लिहितोय. आत्ता एकदा थरथरला. आमंत्रण स्वीकारल्याचा असेल. तिचा कॉल असता तर वाजत राहिला असता, हा एकदाच. की सरांचा मेसेज. की उदयदा.

आई विचारतेय, चहा ठेवू का. ठेव म्हटलं. हात अजून वहीवरच आहे.